गावची शाळा आणि पालकांचा अधिकार

(सांगली येथे भरलेल्या पालकांच्या सभेत एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. जिल्हा परिषदेच्या शाळांविषयीचा पालकांचा असंतोष हा सभेचा विषय होता.)



आजच्या सभेला व्याख्यान म्हणावे की गाऱ्हाण्यांची सभा म्हणावी, असा प्रश्न मला पडला आहे. माझ्यापूर्वी आपल्यापैकी सात-आठ पालक बोलले. एका ताईंनी सांगितले की, मुलगी चौथीत आहे, पण किराणा दुकानाची पाटी तिला सलग वाचता येत नाही. एका शेतकरी बंधूंनी सांगितले की, शाळेत चार वर्ग आणि शिक्षक दोन. त्या दोघांपैकी एक आठवड्यातून दोन दिवस तालुक्याच्या ठिकाणी बैठकीला. तिसऱ्या गृहस्थांचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, "साहेब, ज्यांना परवडलं ते गेले. आम्ही राहिलो ते आवडीनं नव्हे, नाइलाजानं."

मित्रहो, या नाइलाजाविषयीच मला बोलायचे आहे. सकाळी जिल्ह्यातील कोणत्याही फाट्यावर उभे राहा. इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या एकामागून एक येतात आणि गावातील मुले वेचून नेतात. सरपंचांचा नातू त्या गाडीत असतो, दूध संस्थेच्या सचिवांची मुलगी असते आणि पुष्कळदा जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा मुलगाही असतो. गाडी गेल्यावर मागे उरतात ती शेतमजुराची, मेंढपाळाची, ऊसतोडीला जाणाऱ्याची मुले. शाळेत जाऊन जाब विचारण्याची ज्यांची ऐपत होती, ते गाडीबरोबर निघून गेले. जे उरले त्यांना जाब विचारता येतो हेच कोणी सांगितलेले नाही. आपल्या शाळांच्या दुखण्याचे मूळ मला येथे दिसते.

या मातीचा वारसा

आपण ज्या भूमीत बसलो आहोत, तिला शिक्षणाचा विचार नवा नाही. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड! त्या काळचा रुपया म्हणजे गरिबाच्या संसारातील मोठी रक्कम होती. परंतु त्या दंडामागे राजाने स्वतःवर घेतलेले एक बंधन होते. तू मूल पाठव, शाळा आणि शिक्षक देण्याचे माझ्याकडे लागले, असा तो करार होता.

कर्मवीर भाऊराव पाटील तर आपल्याच जिल्ह्याचे. जन्म १८८७ मध्ये कुंभोजचा असला, तरी त्यांचे घर वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे आपले तालुकेही होते, जेथे शाळा नव्हती अशा खेड्यापाड्यांतून त्यांनी व्हॉलंटरी शाळा काढल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली होती. इमारत नसेल तर देवळात वर्ग भरे, नाही तर चावडीत. गावाने जागा द्यायची, गुरुजींची सोय पाहायची आणि मुले पाठवायची. नंतर या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेल्या आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर प्राथमिक शिक्षणाचा सारा भार परिषदेकडे आला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, ज्या शाळेला आज आपण 'सरकारी' म्हणतो, ती पुष्कळ गावांत मुळात गावाने उभी केलेली आहे. शाळा सरकारकडे गेली आणि हळूहळू गावाचे तिच्यावरील लक्ष उडाले. शाहू महाराजांच्या काळी मूल शाळेत आले नाही तर पालकाला दंड होता. आज मूल रोज शाळेत येते, पाच वर्षे येते, आणि तरीही त्याला वाचता येत नाही. मग आज दंड कोणाला? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार पालकाला आहे.

तक्रार खरी आहे काय?

पालकांना उगाच कुरकुर करण्याची सवय असते, असे म्हणणारे अधिकारी मला भेटले आहेत. म्हणून भावना क्षणभर बाजूला ठेवून वस्तुस्थिती पाहू. 'प्रथम' या संस्थेच्या २०२२ च्या 'असर' पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या दर शंभर मुलांपैकी चाळिसांहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला नाही. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, त्याचा हा परिणाम आहे हे मान्य. पण त्याच पाहणीतील दुसरी गोष्ट पाहा. देशाच्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयाची सरकारी शाळेत जाणारी मुले २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, ती २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाली. टाळेबंदीत कमाई आटली, खाजगी शाळांचे शुल्क परवडेना, आणि पालक पुन्हा गावच्या शाळेच्या दारात आले. २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा ६६.८ टक्क्यांवर उतरले. जे आले होते ते परत गेले. दारात आलेल्या पालकाला थांबावेसे वाटेल असे आपण त्याला काही दाखवू शकलो नाही.

शिक्षकांच्या संख्येचे पाहा. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यात विशेष पटपडताळणी झाली आणि लाखो खोटी नावे हजेरीपटावर आढळली. त्यानंतर २०१२ मध्ये भरतीला बंदी आली. चूक होती खोटा पट दाखवणाऱ्यांची, शिक्षा मिळाली खऱ्या पटावरील मुलांना. 'पवित्र' संकेतस्थळाची व्यवस्था २०१७ मध्ये जाहीर झाली आणि तिच्यातून पहिल्या नेमणुका व्हायला २०१९ साल उजाडले. म्हणजे जे मूल २०१२ मध्ये पहिलीत बसले, ते नव्या शिक्षकाचे तोंड न पाहताच सातवी ओलांडून गेले! दरम्यान शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार बाहेर आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली. शिक्षकाची पात्रता ठरवणाऱ्या परीक्षेचीच ही अवस्था असेल, तर पालकाने कोणावर विश्वास ठेवावा?

आपल्या जिल्ह्यात या टंचाईचा भार समान वाटला जात नाही. कृष्णाकाठच्या वाळवा-पलूसमध्ये बदली मागणारे शिक्षक पुष्कळ. जत-आटपाडीत जाण्यास नाखूष असलेलेही तितकेच. दुष्काळी भागातील शाळेत नवा शिक्षक रुजू होतो तोच बदलीचा अर्ज मनात धरून. जतची तर आणखी एक अडचण आहे. तेथे मराठीबरोबर कन्नड माध्यमाच्याही जिल्हा परिषद शाळा आहेत. २०२४ मध्ये अशा काही कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमले गेले आणि तेथील पालकांनी हरकत घेतली. मुलाला पहिले धडे त्याच्या मातृभाषेत मिळावेत, हे आपण मराठीसाठी सीमेपलीकडे उच्चरवाने सांगतो. मग जतच्या सीमेवरील कन्नड बोलणाऱ्या मुलाला तोच न्याय नको काय? तो प्रश्न भाषेच्या राजकारणाचा नव्हताच. कागदावर पद भरले, वर्गातील मुलाला मात्र शिक्षक मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

नेतृत्वाची पोकळी

आता नेतृत्वाकडे वळू. गावातील पालकाने तक्रार घेऊन जायचे कोणाकडे? पूर्वी उत्तर सोपे होते. आपल्या गटाचा जिल्हा परिषद सदस्य, नाही तर शिक्षण समितीचे सभापती. ते भले असोत वा बुरे, पाच वर्षांनी मते मागायला त्यांना दारात यावे लागे. मार्च २०२२ मध्ये सांगली जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अधिकारी वाईट होते असे मी म्हणणार नाही. याच जिल्ह्यात 'माझी शाळा, आदर्श शाळा' हा उपक्रम प्रशासनाच्या पुढाकाराने झाला आणि कित्येक शाळांच्या गळक्या इमारती देखण्या झाल्या. त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु अधिकारी बदलून जातो. मूल आणि पालक तेथेच राहतात. रंगवलेल्या भिंतीमागच्या वर्गात कोण शिकवते, हा प्रश्न लोकांच्या वतीने सभागृहात विचारणारा कोणी उरला नव्हता.

शिक्षणाधिकारी आणि शाळा यांच्यामध्ये केंद्रप्रमुख हा महत्त्वाचा दुवा असतो. साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, अशी राज्यात ४,८६० पदे मंजूर आहेत. वर्गावर जाऊन मुलांना वाचायला लावायचे, शिक्षक अडला असेल तर मार्ग दाखवायचा, हे त्याचे काम. यांतील पुष्कळ पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. २०२३ मध्ये विभागीय परीक्षेची घोषणा झाली आणि ती परीक्षा पुढे पुढे ढकलली गेली. एखाद्या शिक्षकाकडे केंद्राचा 'अतिरिक्त कार्यभार' देऊन वेळ मारून नेली जाते. मग त्याचा वर्गही सुटतो आणि केंद्रही.

आणि वरून येणारे आदेश? २०२४-२५ मध्ये साऱ्या राज्यासाठी एकच गणवेश ठरला. त्यापूर्वी गणवेश शाळा व्यवस्थापन समिती घेत असे. तो अधिकार काढून कापडाची खरेदी राज्यपातळीवर गेली. परिणाम काय झाला? पावसाळा सरला तरी कित्येक मुलांना गणवेश नाही, आणि आला तो कोणाला आखूड, कोणाला ढगळ. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि गणवेशाचे काम पुन्हा समित्यांकडे दिले. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा आदेश १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. वीस पटांखालच्या सुमारे पंधरा हजार शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा डोंगरकपारीतील वाड्यावस्त्यांवर भीती पसरली. या निर्णयांचे गुणदोष आज मी तोलत नाही. पण त्या सर्वांत एक समान धागा आहे. ज्याच्या मुलासाठी निर्णय होता, त्या पालकाला आधी कोणी विचारले नव्हते.

शिक्षकांची बाजू

एक बाजू ऐकून न्याय होत नाही. शिक्षक मला म्हणतात, "आम्हांला शिकवू द्या." कधी माहिती ऑनलाइन भरायची, कधी पोषण आहाराचा हिशोब, कधी मतदारयादी, कधी सर्वेक्षण. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला शिक्षणेतर काम देऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे २७वे कलम सांगते. कायदा शासनानेच केला आणि त्याचा संकोचही शासनयंत्रणाच करते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. त्यामुळे शिक्षकवर्ग धास्तावलेला आहे. ही धास्ती समजून घेऊ. पण माझ्या मुलाला शिकवणाऱ्याची पात्रता तपासली जावी ही पालकाची अपेक्षाही अवाजवी नाही.

शिक्षक वाईट म्हणून शाळा वाईट, हे समीकरण तर मला मुळीच मान्य नाही. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्या बीटमधील चाळीसएक जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत अंगीकारली. फरशीवर अक्षरे आणि अंक रंगवले, मुलांच्या उंचीचे फळे लावले, खडे-बिया-काड्यांनी गणित शिकवले, आणि प्रत्येक मुलाला नेमके काय येते आणि कोठे अडते याची नोंद ठेवली. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला येऊन गेले. जून २०१५ मध्ये शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर केला, त्यामागे कुमठ्याची प्रेरणा होती. लक्षात घ्या, शिक्षक तेच होते, वेतन तेच होते, मुलेही त्याच कष्टकऱ्यांची होती. नवे होते ते एवढेच की, एक अधिकारी कागद तपासण्याऐवजी मुलांजवळ जाऊन बसली.

असेच आणखी दाखले आहेत. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने २०२५ मध्ये जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा मान मिळवला. या सर्व शाळा त्याच यंत्रणेतील आहेत, जिच्याविषयी आपण आज तक्रार करीत आहोत. म्हणून 'जिल्हा परिषदेची शाळा अशीच असायची' हे वाक्य आपण सर्वांनी सोडून दिले पाहिजे. अधिकाऱ्यांनी ते सबब म्हणून सांगू नये, पालकांनी नशीब म्हणून स्वीकारू नये.

आपल्या हाती काय आहे?

आता शेवटचा आणि मुख्य मुद्दा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पालकाला अर्जदार म्हणून दारात उभे केलेले नाही. शाळेच्या कारभारात बसवले आहे. कलम २१ पाहा. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ही समितीची कामे आहेत. आपल्यापैकी किती जणांना आपल्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष कोण हे माहीत आहे? पुष्कळ ठिकाणी इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि सभा 'झाली' असे समजले जाते. ती सही करणारा हात आपलाच असतो, बंधूंनो!

कलम २४ सांगते की, पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २६ सांगते की, शिक्षकांची दहा टक्क्यांहून अधिक मंजूर पदे रिक्त राहू नयेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे, असे कायद्याची अनुसूची सांगते. आणि हे होत नसेल तर? कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या. तिचा निर्णय तीन महिन्यांत झाला पाहिजे. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. शाळेला टाळे ठोकण्याचे आंदोलन वर्तमानपत्रात छायाचित्रासह येते, हे मी पत्रकार म्हणूनच सांगतो. पण त्या दिवशी शिकणे बंद राहते ते आपल्याच मुलाचे. तारीख घातलेला, पोच घेतलेला एक कागद टाळ्यापेक्षा अधिक काळ टिकतो.

म्हणून माझी आपणांस तीनच कामे सांगायची आहेत. पहिले, या महिन्यात समितीच्या सभेला प्रत्यक्ष जा. वाचल्याविना सही करू नका. दुसरे, सभेत इमारतीच्या रंगाची चर्चा करण्यापूर्वी प्रत्येक वर्गातील मुलांना सर्वांसमोर एक परिच्छेद वाचायला सांगा. मुलाला लाजवण्यासाठी नव्हे, तर कोणाला मदत हवी हे गुरुजींना आणि आपल्याला एकाच वेळी कळावे म्हणून. तिसरे, रिक्त पद, वर्गाबाहेरची कामे, न झालेले दिवस यांची नोंद ठेवून लेखी तक्रार द्या. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच वही दाखवा.

आणि ज्यांची मुले पिवळ्या गाडीतून जातात त्यांनाही एक विनंती आहे. आपला मुलगा तेथे नसला, तरी गावची शाळा आपली आहे. विटा-खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव साऱ्या देशात विखुरले आहेत. गावच्या यात्रेला ते हमखास येतात आणि मंदिराच्या कामाला सढळ हाताने देतात. ही श्रद्धा मोलाची आहेच. याच वाटेने जाताना त्यांनी एकदा शाळेतही डोकावावे. कर्मवीरांच्या काळी कित्येक शाळा देवळातच भरत होत्या, याची आठवण ठेवावी. देणगी नंतर द्या. आधी एक तास वर्गात बसा.

मघाशी ते गृहस्थ म्हणाले, "आम्ही राहिलो ते नाइलाजानं." पुढच्या वर्षी याच सभेत त्यांनी उभे राहून "आम्ही राहिलो, कारण शाळा आमची आहे" असे सांगावे, एवढीच माझी इच्छा आहे. त्यासाठी शासनाने काय करावे हे मी सांगितले. आपण काय करावे याचा आरंभ उद्या सकाळी शाळेची घंटा होते तेव्हा करायचा आहे. फाट्यावरची गाडी निघून गेल्यावर आपल्यापैकी दोघे-तिघे जरी शाळेच्या फाटकातून आत गेले, तरी आजची सभा सार्थकी लागली असे मी समजेन.